हातभर पट्टी

तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. दिघीच्या खाडीकाठी नारळाच्या झापांच्या छपराखाली एक म्हातारे मिस्त्री होड्या बांधायचे. त्यांच्या शेवटच्या बोटीवर इंजिनं बसवायला मला मुंबईहून पाठवलं होतं. शेवटची असं आता म्हणतो. तेव्हा आम्ही सगळे तिला पहिली म्हणत होतो.

मी परभणीकडचा. चौथीनंतर शाळा सुटली. विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनावर हात बसला आणि त्या जोरावर मुंबईत एका शेटजींच्या गॅरेजात चिकटलो. चौथी शिकलेल्या माणसाला शेटजींनी ठेवून घेतलं, याचं मला एवढं वाटायचं की त्यांची हाक आली की हातातला पाना खाली ठेवायच्या आधी तोंडातून "आलो" निघायचं.

शेटजींना किहीमच्या बंगल्यावर समुद्रानं जायला वेगाची बोट हवी होती. तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा धारेचा, मागच्या फळीवर लटकवलेली दोन परदेशी इंजिनं. चित्रं दाखवून त्यांनी ती मिस्त्रींकडून बांधून घेतली होती. बोट पाण्यावर उठून पळाली तर मित्रांच्या आणखी चार बोटी इथेच बांधायच्या, असा त्यांचा शब्द होता. शिडाच्या मचव्यांना तोवर गिऱ्हाईक उरलं नव्हतं. त्या चार बोटी मिळाल्या तर मिस्त्रींचा कारखाना राहणार होता, नाहीतर बंद. हे मला पहिल्याच दुपारी मिस्त्रींच्या बायकोनं, काकींनी, भात वाढता वाढता सांगितलं.

"आता तुज्या हातात हाय रे बाबा. खा पोटभर."

समुद्र मी त्याच वर्षी पहिल्यांदा बघितला होता.

मिस्त्री मला घाट्या म्हणायचे. आधी टोमणा म्हणून, मग सवयीनं, शेवटी मायेनं. माझी झोपायची जागा त्यांच्या ओटीवर. ताप आला तेव्हा काकींनी दोन दिवस पेज पाजली. आईनंतर माझं एवढं कुणी केलं नव्हतं.

इंजिनं मात्र ऐकेनात. सुरुवातीला इंजिनांचे पंखे खूप खोल बसवले, कारण धक्क्यावरचे लाँचवाले म्हणत, पंखा जेवढा खोल तेवढं पाणी धरतो. बोट नाक वर करून पाणी नुसतं ढकलत चालली. मग फळीवर लाकडी ठोकळे घालून इंजिनं चार चार बोटं वर घेतली. पंख्यावरचा आडवा पत्रा तळाच्या पातळीत आणला. मागच्या पिनेचं भोक बदलून इंजिनांचा कल बदलला. खोक्यात पंख्यांच्या दोन जोड्या होत्या. जास्त पिळाच्या पात्यांचे पंखे काढून कमी पिळाचे लावले. धक्क्यापासून मासेमारीच्या डोल जाळ्याच्या खांबांपर्यंत रोज चाचणीच्या फेऱ्या. दर वेळी तेच. अर्ध्या वाटेवर इंजिनं एकदम किंचाळायची, जसे काही पंखे पाण्यात नाहीतच, आणि बोट बसकण मारायची.

धक्क्यावरची माणसं वाटच बघत असायची.

"काय घाट्या, आज उडाली का न्हाय?"

"उडाली न्हाय, पन वरडली जोरात!"

इंजिनाबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. मला त्यातली फक्त चित्रं कळायची. एका चित्रात उलटी बोट होती, तळाला दोन समांतर रेघा आणि मागच्या टोकाकडे त्या रेघांवर फुली. मला वाटलं, उचलताना इथे दोर बांधायचा नाही, असं काहीतरी असेल.

शेटजी यायच्या आदल्या दिवशी ओहोटीला बोट चिखलावर टेकली होती. मी तिच्याखाली आडवा होऊन पंख्याची पिन तपासत होतो. आधाराला हात वर घातला तो तळाच्या पट्टीवर पडला. तळ धारेचा असला की ओहोटीला बोट कलंडते. तिथल्या खाडीत दिवसातून दोनदा पाणी सरतं, म्हणून मिस्त्रींनी तळाच्या दोन्ही अंगांना सागाची एक एक जाड पट्टी नाकापासून मागच्या फळीपर्यंत ठोकली होती. चित्रात ती नव्हती. चिखलात बोट सरळ उभी राहावी म्हणून ती त्यांनी आपल्या डोक्यानं घातली होती, आणि बोट राहायचीही सरळ. पट्टीवरून हात सरकवत मागे नेला. पट्टी संपली आणि बोटं थेट पंख्याच्या पात्याला लागली. दुसरीकडे जाऊन पाहिलं. तिथेही तेच.

पट्टी पाणी फाडत होती, फाटलेल्या पाण्यातून हवा मागे येत होती, आणि दोन्ही पंखे त्या हवेत फिरत होते. पुस्तकातली फुली आठवली. मागून हातभर पट्टी कापायची, बस. अर्ध्या तासाचं काम.

मिस्त्री तेवढ्यात चिखल तुडवत आले. त्यांनी पट्टी थोपटली.

"बघितलंस? हे हिचे पाय. मुंबईच्या लोकांना बोट बांधता येल, उभी करता न्हाय येनार."

मी म्हणालो, "मिस्त्री, या पट्ट्या मागून हातभर कापल्या तर?"

ते थांबले. "पूजा झालीय तिची. मालकाची पहिली फेरी होईपरेंत अंगाला करवत न्हाय लावत आमच्यात." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "का रे? माज्या कामात खोट दिसली?"

"न्हाय, न्हाय. सहज विचारलं."

मालकाची पहिली फेरी म्हणजे शेटजींचीच. त्या फेरीवरच सगळं ठरायचं होतं. हे मला कळत होतं आणि तरी मी गप्प बसलो. ज्यांच्या ओटीवर झोपलो, ज्यांची पेज प्यालो, त्यांच्या पन्नास वर्षांच्या हाताला चौथी शिकलेल्यानं नावं ठेवायची? रात्रभर मनाशी घोकलं की कदाचित उद्या उठेल.

उठली नाही. शेटजी बोटीत होते, मी मागे इंजिनांपाशी, मिस्त्री स्वच्छ धोतर नेसून धक्क्यावर. खांबांपर्यंत जायच्या आतच इंजिनं किंचाळली.

"अरे, आ बोट छे के म्हैस? पाण्यात बसली ती उठतच नाय!" शेटजी हसले. मग हसणं थांबवून मला विचारलं, "खराबी कशात? इंजिनात की बोटीत?"

मिस्त्री धक्क्यावरून आमच्याकडंच बघत होते. मी म्हणालो, "माझ्या हाताला जमलं नाही, शेटजी."

मला वाटलं होतं, दोष अंगावर घेतला म्हणजे मिस्त्री वाचले. पण भीतीनं मान खाली घालून उभा होतो, मला एवढंही समजलं नाही, की बोट पळाली नाही तर दोष कुणाचा याला काही किंमत नव्हती. लाँचच्या मागे बांधून बोट मुंबईला गेली. तिच्याबरोबर मीही.

शेटजींनी मला काढलं नाही. गाड्या धुवायला आणि पंक्चर काढायला ठेवलं, त्याबद्दलही मी त्यांचे पायच धरले. महिन्याभरानं भाऊच्या धक्क्यावर वर ओढलेली ती बोट दिसली. दुसऱ्या कुणा मेकॅनिकनं पट्ट्या मागून कापल्या होत्या. अगदी हातभर. पाण्यात सोडली तेव्हा ती पाण्याला जेमतेम टेकत पळाली. तिच्यासारख्या चार बोटी मुंबईतच बांधायला दिल्याचं गॅरेजात ऐकलं.

पुढच्या सुट्टीत आगरदांड्याहून तरीच्या होडीनं खाडी ओलांडून दिघीला गेलो. कारखान्याच्या छपरावरचे झाप उतरवले होते. मिस्त्री ओटीवर कुणाच्या तरी घराच्या दाराची चौकट रंध्यानं तासत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी रंधा थांबवला नाही.

"पट्ट्याच व्हत्या म्हंजे."

"व्हय."

"तुला ठावं व्हतं?"

"मी विचारलं होतं, मिस्त्री. कापू का म्हणून."

"विचारलंस," ते म्हणाले. "पन येवढं हळू विचारलंस, की मला सहज 'न्हाय' म्हनता आलं."

मी उठायला लागलो. काकी आतून म्हणाल्या, तरीची होडी सुटायला वेळ आहे, जेवल्याशिवाय जायचं नाही. भात वाढला, वर सुक्या जवळ्याची चटणी. मिस्त्री समोर जेवायला बसले. त्या घरात मी आता कुणाच्या उपयोगाचा नव्हतो, तरी ताट पहिल्यासारखंच भरलेलं होतं. मी ते सगळं संपवलं. पुन्हा दिघीला गेलो नाही.