रोजाचं ऑपरेशन

नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि आमची बटालियन काश्मीरमध्ये होती. मी हवालदार, एका डोंगरावरच्या पोस्टवर. सेक्शनमध्ये हिंगोलीकडचे आम्ही दोघेच, मी आणि शिपाई हिरामण. माझं गाव कनेरगाव नाक्याजवळ. हिरामण त्याच गावाला लागून असलेल्या तांड्यातला. गाव आणि तांडा यांच्यामध्ये एक ओढा आहे. तो आम्ही कामाशिवाय ओलांडत नव्हतो, त्यामुळे गावी असताना आमची ओळख तोंडदेखलीच होती. पोस्टवर मात्र मराठी बोलायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून आम्ही सख्खे झालो.

पोस्टचा दिवस ठरलेला असतो. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज उभं राहायचं, मग चहा, हत्यारांची सफाई, पाणी आणणं, दिवस मावळताना पुन्हा स्टँड-टू. लंगरच्या मागं कुत्री राहायची. त्यांना उरलेली पोळी मिळायची आणि त्या मोबदल्यात ती तारेपलीकडे पान हललं तरी भुंकायची. हिरामण रेडिओ ऑपरेटर. एका पिल्लानं त्याच्या सेटशेजारी मुक्काम ठोकला. ती मादी होती, पण नाव पडलं रोजर, कारण सेटवर 'समजलं' म्हणायला रोजर म्हणतात आणि जन्मल्यापासून तिच्या कानावर तोच शब्द पडत होता.

पुढं आम्हाला दोघांना एकदमच रजा मिळाली. हिरामणनं पिल्लू कोटाच्या आत घातलं.

"टीसीनं धरलं तर मी तुला ओळखत नाही," मी म्हणालो.

"चालंल उस्ताद. याडी एकलीच राहाती. सोबत व्हईल तिला."

तांड्यात आईला याडी म्हणतात. हिरामणची आई धानीबाई. नवरा लवकर गेलेला, हा एकुलता एक. रोजर हे नाव तिच्या जिभेला वळेना, म्हणून पिल्लाची रोजा झाली. डोंगरातलं ते केसाळ कुत्रं बघायला सगळा तांडा लोटला होता.

रजा संपली त्या सकाळी मी हिरामणला घ्यायला गेलो. तो ताटावर बसला होता. ताटात बाजरीची भाकरी चुरलेली, वर दूध आणि गूळ. त्यांच्यात रीत आहे, लांबच्या वाटेला निघालेला माणूस दारातून उपाशी जात नाही. मी घड्याळ पाहिलं. जीप नाक्यावर उभी होती.

"हिरामण, ऊठ. अकोल्याची गाडी चुकंल."

"उस्ताद, दोन घास."

"वाशिमला खा."

तो उठला. वर्दीतला माणूस सीनियरनं ऊठ म्हटल्यावर उठतोच. धानीबाई ताट हातात घेऊन दारात उभी राहिली. अकोल्याला पोहोचलो तेव्हा कळलं, गाडी लेट आहे. आम्ही प्लॅटफॉर्मवर चांगले दोन चहा प्यालो.

त्याच हिवाळ्यात हिरामण सेट घेऊन गस्तीच्या तुकडीसोबत गेला. मी पोस्टवरच्या सेटवर होतो. आधी त्याचाच आवाज आला.

"कॉन्टॅक्ट. नाल्याच्या वरच्या अंगाला. ओव्हर."

मग फायरिंग ऐकू आलं, सेटवरही आणि खाली दरीतही. त्यानंतर सेटवर दुसरा आवाज आला.

"हिरामण हिट. ओव्हर."

"बोलतोय का? ओव्हर."

"नाही. ओव्हर."

"रोजर," मी म्हणालो. दुसरं काही म्हणायची पद्धत नाही.

त्याला घेऊन मीच गावी आलो. धानीबाई रडून रडून थकली तेव्हा तिनं मला एकच गोष्ट विचारली.

"जेवला व्हता का?"

"व्हय, याडी." तेव्हापासून मी तिला याडी म्हणू लागलो. तो त्या दिवशी नुसत्या चहावर निघाला होता.

"घरून तं उपाशीच गेला," ती म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढं मी पेन्शनवर आलो. गावात माझ्या शब्दाला वजन आलं आणि मलाही ते आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू. वर्दी उतरली तरी हुकूम सोडायची खोड जात नाही. त्या सुमारास गावात कुत्री बेसुमार झाली होती. हमरस्त्यावर ढाबे वाढले, खरकटं वाढलं, पिल्लांवर पिल्लं झाली. तांड्यातल्या शेळ्या फाडल्या. शाळेतून येणाऱ्या एका मुलीला कुत्रं चावलं आणि तिच्या बापाला इंजेक्शनांसाठी हिंगोलीच्या खेपा घालाव्या लागल्या.

मी पूर्वी एका छावणीत राहिलो होतो. तिथं स्टेशन ऑर्डर होती, कुत्रं पाळायचं तर त्याचं नसबंदीचं ऑपरेशन सक्तीचं. मग ते मेमसाहेबांचं झुपकेदार असो की सुभेदाराचं गावठी. मी तोच नियम ग्रामसभेत मांडला. जो कुत्रं पाळेल त्यानं त्याचं ऑपरेशन करून घ्यायचं, नाहीतर पंचायत ते कुत्रं उचलून लांब सोडून देणार. सगळ्यांनी हात वर केले. ठराव पास झाला.

दुसऱ्या दिवशी मी घरोघर निघालो तर गावात कुत्र्याचा मालकच उरला नव्हता. ऑपरेशन केलेलं कुत्रं सुस्तावतं, रानात डुकरं हाकलत नाही, असा सगळ्यांचा पक्का समज. माझ्या शेजारचे गणपतराव ओट्यावर बसले होते आणि त्यांचं कुत्रं त्यांच्याच पायावर डोकं टेकून झोपलं होतं.

"हे तुमचंच ना?"

"न्हाई बा. येतं आपलं बसायला."

"भाकर कोण घालतं?"

"देवाच्या नावानं टाकतो. त्याला पाळनं म्हनत न्हाईत, फौजी."

गावभर हेच. ग्रामसभेत वर गेलेले हात आता कानावर होते. शेवटी सरपंचांना बरोबर घेऊन मी ओढा ओलांडला. धानीबाई दारात धान्य निवडत बसली होती, रोजा तिच्या मांडीला टेकून.

"व्हय, माझीच हाय," ती म्हणाली. "माझ्या पोरानं आनली."

"चला, एक मालक तं सापडला," सरपंच हसले. "फौजी, इथूनच सुरुवात करा. एकदा तुमी घरच्यासारख्या मानसाला सोडलं न्हाई म्हनल्यावर गाव बराबर येतं वळणावर."

सरपंच पुढं गेल्यावर धानीबाईनं मला थांबवलं.

"नामा, हिला राहू दे की. ही कुठं जात न्हाई, दारातच असती. सुरी लागली अन् काही झालं म्हंजे?"

"नियम सगळ्यांना सारखा, याडी."

"सगळे कुठं हायेत? मी एकलीच हाय."

 जो खरं बोलला त्याच्याच मानेवर नियम बसला, हे मला दिसत होतं. तरी मी मागं हटलो नाही, कारण ठराव माझा होता.

"दुपारपर्यंत परत आणून देतो. माझा शब्द," मी म्हणालो.

ती रोजाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "तू आनतो म्हनलास तं ने."

निघताना मी सांगितलं, "उद्या सकाळी हिला काही खाऊ घालू नको."

"काहून?"

"डॉक्टरची ऑर्डर हाय."

बस, एवढंच. भूल देताना पोट रिकामं लागतं, नाहीतर अन्न उलटून जीव जाऊ शकतो, हे मला पंचायतीनं बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. मी ते पुढं सांगितलं नाही. फौजेत ऑर्डरसोबत कारण देत नाहीत. पण फौजेत ऑर्डर दिली की काम झाल्याचा रिपोर्ट घेतात. आयुष्यभर मी पोरांकडून रिपोर्ट घेतला आणि त्या सकाळी धानीबाईच्या दारात जीप थांबवून नुसतं म्हणालो, "दे, उशीर होतोय."

रोजा स्वतःहून जीपमध्ये चढली. माझा वास तिच्या ओळखीचा होता.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. डॉक्टर तरुण, हिंगोलीहून आलेले, हाताला सफाई असलेले.

"उपाशी आहे ना?"

"हो सर."

इंजेक्शन दिलं. ती माझ्याकडं बघत बघत आडवी झाली. आणि थोड्या वेळात तिच्या पोटातून सगळं उलटून आलं. डॉक्टरांनी तिचं डोकं खाली केलं, तोंड साफ केलं, छाती दाबली. बराच वेळ दाबत होते. मग थांबले.

"हवालदार, पोट भरलेलं होतं. अन्न श्वासनळीत गेलं. कोणी खायला घातलं?"

मी टेबलाखाली बघितलं. दुधात कालवलेली बाजरीची भाकरी होती. तिला गुळाचा वास येत होता. ते ताट मी ओळखलं. त्यावरून मी एकदा माणूस उठवला होता.

रोजाला मी माझ्या फौजी कांबळ्यात गुंडाळलं आणि दुपार टळायच्या आत परत नेलं. शब्द तेवढाच पाळला गेला. धानीबाई दारातच होती. कांबळं बघून ती उठली नाही.

"याडी, चुकी माझी हाय," मी म्हणालो.

 घरामागच्या लिंबाखाली मी खड्डा खणला. तिनं कांबळं उघडून रोजाचे कान नीट केले, पुन्हा झाकलं. माती लोटून झाल्यावर ती खाली बसली आणि हळू आवाजात, मला समजावल्यासारखं बोलू लागली.

"नामा, तू नको म्हनला व्हतास. पन मी सकाळी हिला दूधभाकर घातली. गूळ बी घातला. रागावू नको. हिरामण उपाशी गेला, ते मला अजून टोचून राहिलं. ही तरी न्हाई गेली उपाशी. तेवढं बरं झालं."

डॉक्टरांचे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. कारण सांगायचं राहून गेलं होतं आणि सांगायची वेळ आता आली होती, ती ही.

"बरं केलंस, याडी," मी म्हणालो.

ठराव पुढं कोणी काढला नाही. गणपतराव भेटले की म्हणायचे, तरी आमी म्हनतच व्हतो. ठरावाच्या वेळी ते काहीच म्हणाले नव्हते, पण मी वाद घातला नाही. नियम चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. ज्या गावात कुत्रं आपलं म्हणायला एकच बाई पुढं येते तिथं तो कसा राबवायचा, हे मला कळलं नाही आणि त्याची किंमत त्याच बाईनं मोजली. तिच्यापुढं मी कायमचा अपराधी आहे. रोजा कशानं गेली ते तिला कधी कळलं नाही, आणि कळू दिलं नाही याचं मात्र मला वाईट वाटत नाही.

धानीबाई आता नाही. म्हणून हे लिहितो आहे.

हिरामण गेला त्या दिवशी मी दरवर्षी तांड्यात जातो. त्याचे चुलते फोटोला हार घालतात आणि पुढं ताट ठेवतात, चुरलेली भाकरी, दूध, गूळ. आम्ही उभे राहतो. मी सॅल्यूट करतो. निघायला लागलो की चुलते म्हणतात, "दोन घास खाऊन जा, हवालदार."

मी बसतो आणि ताट संपवूनच उठतो. त्या दिवशी घड्याळ घरी ठेवून जातो.