गुरुजींनी हात लावला नाही

मूल हे राष्ट्राचे भवितव्य असते आणि भवितव्यावर हात उगारणारा राष्ट्राचा अपराधी ठरतो. हे वाक्य मोठ्या गुरुजींनी प्रार्थनेनंतर आम्हाला ऐकवले तेव्हा त्यांचा उजवा हात सवयीने छडी शोधत होता. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना मारू नये, असे परिपत्रक वरून आले होते. राष्ट्र वगैरे त्यात काही नव्हते. पण वरून आलेल्या कुठल्याही कागदाला गुरुजी पदरचे थोडे तूप घालीत.

आमचे गाव पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना कापसाच्या शेतांत लपलेले. शाळा सातवीपर्यंत, काळ ऐंशीच्या दशकाच्या मध्याचा. मोठे गुरुजी म्हणजे मुख्याध्यापक, आणि सातवीचे वर्गशिक्षकही तेच. त्यांचा मार आसपासच्या गावांत नावाजलेला होता. मुलांना दाखल करायला आलेले बाप आधी छडीकडे बघत आणि मग समाधानाने अंगठा उठवत. परिपत्रकानंतर ती छडी शिपायाने नेली आणि आवारात शिरणाऱ्या शेळ्यांना हाकायला घेतली. शेळ्यांबद्दल वरून काही आले नव्हते.

आमचा आनंद दुपारच्या गणिताच्या तासापर्यंत टिकला. गुरुजी खुर्चीत बसले, हाताची घडी घातली आणि म्हणाले, "आजपासून मी कुणाला हात लावणार नाही. ज्याला उत्तर येईल त्याने, ज्यांना आलं नाही त्यांचं डाव्या हाताने नाक धरायचं आणि उजव्या हाताने थोबाडीत द्यायची."

ही रीत त्यांनी शोधलेली नव्हती. बऱ्याच शाळांत ती अधूनमधून चाले, आमच्याकडे ती कायम झाली. नाक धरायचे ते मान हलू नये म्हणून. थापड हलकी बसली तर गुरुजी खाणाऱ्याला म्हणत, "आता तू दाखव याला, कशी मारतात ती." मग देणारा घ्यायचा. पूर्वी मारणारा एकच होता आणि तो थकत असे. आता मारणारे बदलत राहिले आणि कुणी थकेना. कुणाच्या कानात आवाज येऊ लागले, कुणाचा दात हलू लागला. मी बहुतेक वेळा खाणाऱ्यांच्या रांगेत असे, त्यामुळे या पद्धतीचा माझा अभ्यास बरा झाला.

आमच्या वर्गात उत्तरे येत ती मुख्यतः एकाच मुलीला. ती आमच्या शेजारची. बाप पारोळ्याच्या बाजारात हमाल, गाव त्याला नाना म्हणे, आणि त्याची मुलेही. त्याने तिला शब्द दिला होता, सातवीत पहिली आलीस तर पारोळ्याच्या हायस्कूलला घालीन, नाहीतर कापूस वेचायला जायचे. त्यामुळे ती मान मोडून अभ्यास करी. तिचा मोठा भाऊ दोनदा नापास होऊन आमच्याच वर्गात, शेवटच्या रांगेत बसत असे.

पहिल्याच आठवड्यात ती रांगेने थोबाडीत देत भावापाशी पोचली. त्याचे नाक तिने धरले आणि गालाला नुसता हात टेकवला.

"ही काय भाऊबीज चालली आहे, ताई?" गुरुजी म्हणाले. वर्ग हसला. "ओवाळणी राहिली की. दाखव रे तिला."

भाऊ मान खाली घालून उभा राहिला.

"नाही मारणार? मग बठ्ठा वर्ग तुला मारील. एकेक करून."

गुरुजी खान्देशीतला शब्द वापरत तो फक्त धमकी देताना. भावाने मारली. कापसाच्या गाठी उचलणारा हात होता तो, सुट्टीत बापाबरोबर जायचा. तिचा ओठ दातावर फाटला, रक्त हनुवटीवरून फ्रॉकवर आले. ते पुसून तिने त्याचे नाक पुन्हा धरले आणि अशी दिली की, बाहेरच्या शेळ्यांनी माना वर केल्या.

"शाब्बास," गुरुजी म्हणाले. खुर्चीतून उठावे लागले नव्हते.

ही बातमी तिच्या घरी तिच्या आधी पोचली. आमच्या दोन घरांत एकच भिंत. संध्याकाळी भिंतीपलीकडून दोराचे आवाज ऐकू आले.

"मोठा भाऊवर हात उचलस? लाज नही वाटत तुले?"

"शाळामां मारनाच पडस, नाना! गुरुजी लावतस!"

"खोटं बोलस! शाळामां मारनं बंद व्हयनं शे. बठ्ठा गावले माहीत शे."

तेही खरेच होते. परिपत्रकाची बातमी गुरुजींनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला लावली होती. पुन्हा दोर वाजला. तिची आई म्हणत होती, "बस करा वो, मरी जाई ती."

दुसऱ्या दिवसापासून तिला उत्तरे येईनाशी झाली. प्रश्न आला की ती बाकाच्या फळीकडे बघत राही. उत्तर तिच्या ओठांवर दिसायचे. ओठ सुजलेले असल्यामुळे जरा जास्तच दिसायचे. मग दुसऱ्या कुणाला तरी उत्तर येई, आणि तो तिच्यापर्यंत येई. पुढच्या बाकावरच्या एका मुलाला तेराचा पाढा जेमतेम यायचा. एवढ्या भांडवलावर त्याने तिचा डावा कान बहिरा करत आणला. कुणाचा हात तिच्या गालावर हलका पडला तर गुरुजी तिला म्हणत, "दाखव त्याला." ती दाखवत नसे. मग सगळ्या वर्गाची पाळी येई. भावाची पाळी आली की तो डोळे मिटून मारी, त्यामुळे थापड कधी डोळ्यावर बसे, कधी नाकावर.

सहामाहीत लेखी परीक्षेला ती सगळ्यांच्या पुढे होती. तोंडीला शून्य मिळाले आणि ती चौथी आली. तिच्या आईने येऊन विचारले, तर गुरुजी म्हणाले, "अक्का, मुक्याला तोंडीचे गुण कसे देऊ?"

संक्रांतीनंतर धुळ्याच्या एका कॉलेजातून एक बाई आणि एक चष्मेवाला तरुण एस.टी.ने आले. शाळेतल्या शिक्षेचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, याचे संशोधन करत होते. गुरुजींनी त्यांना चहा दिला, केळी दिली आणि वर्ग मोकळा सोडला. आम्हाला काहीही पढवले नाही. ती गरजच नव्हती. कडुनिंबाखाली एकेकाला बोलावून बाई विचारत, "गुरुजी मारतात का?" आम्ही खरे ते सांगत होतो, "नाही." "छडी वापरतात?" "नाही. छडी शिपाईदादांकडे असते."

नानाच्या मुलीमागे माझा नंबर होता. बाईंनी तिचा चेहरा बघितला आणि आवाज खाली आणला.

"ओठाला काय झालं, बाळा?"

"भाऊनं मारलं."

"नेहमी मारतो?"

"रोज."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. ते खोटे नव्हते. त्यांनी चष्मेवाल्याला सांगितले, "घरातली हिंसा. वेगळं लिही." त्याने वेगळे लिहिले. कुणी मारायला लावले, हा प्रश्न त्यांच्याकडच्या प्रश्नांत नव्हता, आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाही हे आम्ही शाळेतच शिकलो होतो.

बाई मनाने चांगल्या होत्या, म्हणून परतीची एस.टी. येण्याआधी नानाच्या दारात गेल्या. तुमचा मुलगा बहिणीला रोज मारतो, त्याला समजवा, असे म्हणाल्या. नानाने मान डोलावली. एस.टी. गेल्यावर त्याने समजवायला सुरुवात केली. दोर तोच. भावाने वाचायला हात आडवा धरला. दोराच्या टोकाची लोखंडी कडी कोपरावर बसली आणि हाड मोडले. तेव्हा तो ओरडला, "गुरुजी लावतस, नाना! वर्गले इचारा!"

थोड्या वेळाने नाना आमच्या ओट्यावर आला. घामाने भिजलेला.

"खरं सांग रे भो. गुरुजी पोरेस्ले एकमेकले माराले लावस का?"

"हा, नाना."

"कसं?"

मी माझे नाक डाव्या हाताने धरून दाखवले. तो पोत्याचे वजन अंदाजावे तसा बघत राहिला आणि मुलाला हाडवैद्याकडे घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला नाना वर्गात शिरला. पोती उचलायचा लोखंडी आकडा त्याने टेबलावर ठेवला.

गुरुजी उभे राहिले. "नाना, वर्गात असं येऊ नये. तुमच्या पोरांना मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"माहीत शे, गुरुजी. एक प्रश्न शे फक्त. मन्ही आंडेर पहिली का बरं नही उनी?"

गुरुजींनी त्याच्या मुलीकडे पाहिले. मग आकड्याकडे.

"उत्तर येत नही," नाना म्हणाला. त्याने डाव्या हाताने गुरुजींचे नाक धरले आणि उजव्या हाताने दिली. गुरुजींचा चष्मा फळ्यावर जाऊन फुटला. "दुसरा प्रश्न. भाऊ-बहीणले मारामारी कोण शिकाडस?" याचेही उत्तर आले नाही. तिसऱ्या प्रश्नाला गुरुजी खाली पडले आणि त्यांच्या नाकातले रक्त खडूच्या भुकटीत मिसळले. कुणी हसले नाही. नानाची मुलगी बाकाची फळी दोन्ही हातांनी धरून बसली होती. दारात शिपाई छडी घेऊन उभा होता, पण शेळ्यांवरचा अनुभव त्याने इथे वापरला नाही.

चावडीवर बैठक झाली. नानाने पागोटे काढून माफी मागितली. गुरुजींनी फुटका चष्मा सगळ्यांना दाखवला आणि हिंसक पालकांची मुले शाळेत ठेवता येणार नाहीत, असे सांगितले. दोघांची नावे कापली. पुढे जळगावला कुठल्याशा सभेत आमच्या शाळेचे कौतुक झाल्याचे कळले. आमच्याकडे शिक्षक मारत नाहीत, मारामारीचे मूळ घराघरांत आहे, असा धुळ्याच्या बाईंच्या संशोधनाचा निष्कर्ष होता. म्हणून गावात पालकांचे शिबिर झाले. नाना कामावर होता.

भाऊ हात वाकडाच घेऊन बाजारात लागला. ती कापसात जाणार हे ठरलेले होते. पण तिचा पारोळ्याचा मामा जूनमध्ये आला, तिला घेऊन गेला आणि तिथल्या मुलींच्या शाळेत पुन्हा सातवीत बसवले. नानाने तिला अडवले नाही.

दिवाळीला ती आली, तेव्हा उजवा कान पुढे करून ऐकत होती. मी तिच्या नव्या शाळेबद्दल विचारले, "तठे मारतस का?"

"हा. पन बाई सोता मारतस."

सहामाहीला ती पहिली आली होती.