माझंच रक्त, पुन्हा पुन्हा

उल्हासनगरच्या बाजारातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बरीच वर्षं रक्त घेण्याचं काम करते. सकाळी सातला उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर बसलेली असतात, मी एकेकाला आत बोलावते. माझा हात हलका आहे, असं लोक म्हणतात. लॅबच्या मालकीण डॉक्टर मॅडम सिंधी आहेत, साठी उलटलेल्या. वाक्य मराठीत सुरू करतात आणि हिंदीत संपवतात.

माझे वडील विठ्ठलवाडीच्या चाळीत राहायचे. साखरेपायी त्यांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्याआधीचे कित्येक महिने त्यांच्या काळ्या पडत चाललेल्या बोटांचं ड्रेसिंग मीच करायचे. ते गेल्यावर वर्षभरात माझी साखर तपासली, तर बॉर्डरवर आली. मॅडम म्हणाल्या, "थोडं चालत जा, गोड कमी कर. घबराने की बात नहीं." मी चालायला लागले, गोड सोडलं. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं.

पण मी तिथे थांबले नाही. भात गेला, मग बटाटा, मग फळं, मग तेल. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढं सोडलं की भीती जाईल. भीती जायची नाही, ती पुढच्या पदार्थावर जाऊन बसायची. शेवटी दुसऱ्या कुणाच्या हातचं खाणंच बंद झालं. स्वयंपाकघरात माझं पातेलं वेगळं, कालथा वेगळा. भाकरी काट्यावर तोलून घ्यायचे आणि वहीत लिहायचे.

आम्ही बदलापूरला, खरवईत राहतो. सासरचे लोक तिथलेच, आगरी. सासूबाईंच्या हातच्या तांदळाच्या भाकरीसाठी आणि सुक्या जवळ्यासाठी लोक वाट वाकडी करून येतात. त्यांनी दोनतीनदा ताट वाढलं, मी दोनतीनदा ते बाजूला सारलं. एकदा त्या चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "माझ्या हातान काय इख हाय का गो बाय?" विष त्यांच्या हातात नव्हतं, हे मला कळत होतं. मी माझं पातेलं घासत राहिले.

बाहेर मात्र कौतुक चाललं होतं. किती बारीक झालीस, काय कंट्रोल आहे, आम्हालाही सांग. त्या कौतुकाची मला चटक लागली. भर मे महिन्यात पंख्याखाली मला थंडी वाजायची, कंगव्यात केसांचे पुंजके यायचे, पाळी चुकायला लागली होती. मी लॅबमध्ये काम करते, या खुणा मला कळायला हव्या होत्या. कळतही असतील. पण डोक्यात जागाच नव्हती. कुणाच्या दंडाला पट्टा बांधत असले तरी माझ्या डोक्यात डब्यातली भाजी असायची. ती खाल्ली की त्यानंतरच्या जेवणाची काळजी सुरू.

मग मी स्वतःचंच रक्त तपासायला लागले. दुपारी मॅडम घरी गेल्या की डाव्या हाताची शीर शोधायची, नळी भरायची, खोटं नाव टाकून मशीनला लावायची. साखर चांगली आली की अर्धा तास बरं वाटायचं. मग वाटायचं, मशीनचं काहीतरी चुकलं असेल. दोन दिवसांनी पुन्हा. लांब बाह्यांचा ब्लाउज घालायला लागले होते.

एका शनिवारी मी दोन पेशंटची लेबलं अदलाबदल केली. एक आठ महिन्यांची गरोदर मुलगी होती आणि एक म्हातारे गृहस्थ. रिपोर्टवर सही करताना मॅडमना आकडे पटेनात, म्हणून त्यांनी दोघांना फोन करून परत बोलावलं, पुन्हा रक्त घेतलं. ती मुलगी पोटावर हात ठेवून दोन जिने पुन्हा चढून आली. मी तिची माफी मागितली. ती हसून म्हणाली, "होतं हो ताई." मला तिच्याकडे बघवेना.

दुपारी मॅडमनी लॅबचं दार आतून लावलं. मला वाटलं, नोकरी गेली. त्यांनी माझ्यासमोर कागदांची एक चळत ठेवली. मशीन सगळं लक्षात ठेवतं, हे मला माहीत होतं. पण ते कुणी कधी काढून बघेल, असं वाटलं नव्हतं. नावं वेगवेगळी होती, वेळ मात्र तीच, दुपारची.

"हे कोण आहेत सगळे?" मॅडमनी विचारलं.

मी दोन्ही बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या.

"बेटा, बाही वर कर."

मी बाही वर केली. शीर कशी टोचायची हे मला शिकवलं होतं त्याच बाईंनी माझा हात स्वतःच्या हातात घेतला आणि कोपराजवळच्या निळ्या डागांवरून अंगठा फिरवला. रागावल्या असत्या तर मी सहन केलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "कब से अकेली झेल रही है?" मग मी रडले. बाकावर बसून, पेशंटच्याच बाकावर. वडिलांच्या बोटांपासून भाकरीच्या काट्यापर्यंत सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगताना मलाच पहिल्यांदा ऐकू आलं की हे पथ्य नाही, दुसरंच काहीतरी आहे.

मॅडम म्हणाल्या, "माझ्या मशीनमध्ये हे दिसत नाही. ज्याला दिसतं त्याच्याकडे जाऊ."

अंबरनाथला त्यांच्या ओळखीच्या एक मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पाटी वाचून माझे पाय जिन्यावरच थबकले. ओळखीचं कुणी बघितलं तर काय म्हणेल? नवरा एमआयडीसीतल्या कंपनीतून अर्धी सुट्टी टाकून आला होता. तो फारसा बोलणारा माणूस नाही. म्हणाला, "तुझ्या वडलांना ड्रेसिंगला नेताना लाजली होतीस का? चल." आणि माझ्या पुढे होऊन त्यानं दार उघडलं.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी वजन विचारलं नाही. "दिवसातला किती वेळ खाण्याचा विचार चालतो?" एवढंच विचारलं.

"झोप सोडून सगळा," मी म्हटलं. मग जरा थांबून खरं सांगितलं, "झोपेतही."

त्या म्हणाल्या, हा हट्ट नाही आणि वेडही नाही. आजार आहे, बरा होतो, वेळ लागतो. त्यांनी एक गोळी दिली, दर आठवड्याला बोलायला बोलावलं, एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. वही नवऱ्याकडे द्यायला सांगितली. घरच्यांनाही नियम घातला: हिच्या ताटाकडे बघायचं नाही, खाण्याबद्दल विचारायचं नाही.

हा नियम सगळ्यात जड गेला सासूबाईंना. घरात येणाऱ्या कुणालाही त्या पहिल्यांदा "जेवलीस का?" असंच विचारतात. आता मी दारात आले की त्यांच्या ओठांवर ते यायचं, त्या गिळायच्या आणि विचारायच्या, "रिक्षा लवकर मिळाली का गो?" कितीतरी महिने रोज रिक्षाची चौकशी. एका सोमवारी मी घरीच होते. मागच्या दारानं कपडे वाळत घालून आत आले, तरी त्यांनी विचारलं, "रिक्षा मिळाली का?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की नवरा बाहेरून धावत आला.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलेलं काम मी केलं. दुसऱ्याच्या हातचं, काय घातलंय ते न विचारता खायचं. सासूबाईंनी अर्धी भाकरी आणि जवळा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून लसूण सोलत बसल्या. लसूण संपला तरी त्या वळल्या नाहीत, सोललेल्या पाकळ्याच पुन्हा चाळत राहिल्या. जेवायला पाऊण तास लागला. खाऊन झाल्यावर भीती वाटलीच, पण संध्याकाळपर्यंत ती ओसरली. असं आधी कधी झालं नव्हतं.

सगळं सरळ झालं असं नाही. दिवाळीत घसरले, परत वेगळं पातेलं काढलं, पंधरा दिवस डॉक्टरांना तोंड दाखवलं नाही. मॅडमनीच फोन लावून हातात दिला. मशीनचा पासवर्ड मीच त्यांना बदलायला लावला होता. तो त्या रोज सकाळी स्वतः घालतात, वयामुळे दोनदा चुकतात, पण कधी कुरकुरल्या नाहीत. माझी साखर वर्षातून दोनदा तपासायची असं ठरलं आहे. तपासतात त्या, आकडाही त्यांच्याकडेच राहतो. मला एवढंच सांगतात, "ठीक है, जा काम कर."

या तिघांनी मला काही फार शिकवलं, समजावलं असं नाही. एकीनं कागद लपवले नाहीत आणि मलाही हाकललं नाही. एकानं दार उघडलं. एकीनं पाठ केली. त्यांचं देणं कसं फेडायचं, मला कळत नाही, आणि फेडावं अशी त्यांची अपेक्षाही नाही.

मागच्या महिन्यात गावात पुतणीची हळद होती. मांडवात बायकांच्या पंगतीत बसले. शेजारी माझी आत्या होती, खूप वर्षांनी भेटलेली. वडिलांच्या लहानपणच्या खोड्या सांगत होती. ते झाडावरून कसे पडले, मग आईला चुकवून कसे आत शिरले. मी ऐकत होते, हसत होते. हात धुऊन आल्यावर वाढायला असलेल्या जावेनं विचारलं, "वांग्याची भाजी तिखट झाली होती का हो?"

मी आठवून पाहिलं. वांग्याची भाजी होती, हे मला आठवेना. आत्याचं बोलणं मात्र शब्दन्‌शब्द आठवत होतं.