मोठेबाबांची अटक

पोलिसांच्या कागदात आपलं नाव येऊ नये म्हणून धडपडणारी माणसं गोंदिया जिल्ह्यात पुष्कळ सापडतील. ते यावं म्हणून धडपडणारा माणूस मात्र एकच आहे, आणि तो माझ्या वडिलांचा सख्खा थोरला भाऊ आहे. आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणतो. मी गोंदियाच्या कोर्टात वकिली करते. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस खुर्चीवर टेकायच्या आधी विचारतो, "मॅडम, नाव कटंल का?" मोठेबाबा आले की विचारतात, "बाई, माह्यं नाव सापडंल का?"

हकिगत अशी. मोठेबाबांना नुकतं मिसरूड फुटलं होतं, त्या वर्षी पावसाने दगा दिला. आमचं गाव इटियाडोह धरणाच्या नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पार शेपटाला. धान निसवायला आला होता, वरच्या गावांनी पाणी आपल्या शेतांकडे वळवलं होतं आणि आमच्या नहरात फक्त बेडूक होते. गावकरी डांबरी रस्त्यावर जाऊन बसले. दुपारी पोलीस आले, त्यांनी लोकांना ट्रकात भरून तालुक्याच्या ठाण्यात नेलं आणि दिवस मावळायच्या आत सोडून दिलं. पुढे पाणी आलं, धान वाचला. इथपर्यंत सगळ्या गावाचं एकमत आहे. वाद आहे तो मोठेबाबा त्या ट्रकात होते की नव्हते एवढ्यापुरता. मोठेबाबा म्हणतात, होतो. ट्रकात गेलेले जे म्हातारे अजून आहेत ते म्हणतात, नव्हता. त्यांची बायको, म्हणजे आमची मोठी आई, तेव्हा लग्न होऊन या घरात आलीही नव्हती, पण सर्वांत ठाम मत तिचं. "यायले कोण धरते? पोलीस दिसले असन आन् हे धानात लपून बसले असन."

शेती मुलाच्या हाती गेल्यापासून मोठेबाबांनी हा शोध पूर्ण वेळचं काम म्हणून घेतला आहे. पोलिसांच्या संकेतस्थळावर अटक झालेल्या माणसांची नावं येतात, ही गोष्ट त्यांना मीच एकदा बोलता बोलता सांगितली. तो दिवस मला नडला. सकाळचा चहा झाला की ते ओसरीवर मांडी घालतात, चष्मा पुसतात आणि मोबाइलवर जिल्हा निवडतात, ठाणं निवडतात, तारीख निवडतात. मग ते वाकड्यातिकड्या अक्षरांचं कोडं येतं. त्यातलं शून्य कोणतं आणि ओ कोणता यावरून त्यांचं त्या संकेतस्थळाशी रोज भांडण होतं. त्यावर अलीकडच्या वर्षांचीच नावं असतात, तुमच्या वेळी संगणकच नव्हता, असं मी त्यांना परोपरीने समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग मागचं हळूहळू टाकून राहिले असन." कधी तरी टाकता टाकता ते आपल्या वर्षापर्यंत येतील, अशी त्यांची खात्री होती.

स्वतःचं नाव सापडत नसलं तरी दुसऱ्यांची सापडत होती, आणि सापडलेली माहिती पोटात ठेवणं त्यांना जमत नाही. एकदा पानठेल्यावर त्यांनी गावच्या एका गृहस्थांना हाक मारली, "का गा, काल तिरोड्यात तुह्या नावाचा माणूस धरला. बापाचं नाव येगळं होतं म्हणून तुले फोन नाही केला." गृहस्थांच्या शेजारी त्यांच्या मुलीला पाहायला आलेले पाहुणे पान खात उभे होते. सोयरीक जुळली खरी, पण त्यासाठी गृहस्थांच्या बापाचं नाव, आजोबांचं नाव आणि चार जणांच्या शपथा एवढा ऐवज लागला. मोठेबाबांना त्यात आपलं काही चुकलं असं आजही वाटत नाही. "म्या तं नाही म्हणूनच सांगतलं ना!"

ठाण्यात ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून जात. बदलून आलेला प्रत्येक नवा अंमलदार त्यांना खुर्ची देई आणि तक्रार काय म्हणून विचारी.

"तकरार नाही साहेब. मले धरलं होतं."

"कधी?"

मोठेबाबा वर्ष सांगत. अंमलदार तेव्हा जन्मलेला नसे. "मग आता काय करायचं बाबाजी?"

"करा नका काही. लिहून हाये का तेवढं पहा."

शेवटी मीच कंटाळून त्यांच्या नावाने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं: इतका जुना अभिलेख जपण्याची मुदत संपल्याने तो नियमानुसार नष्ट करण्यात आला आहे. मोठेबाबांनी तो कागद माझ्या ऑफिसच्या बाकावर बसून वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. "माह्या अटकेचा नाश केला," ते म्हणाले, "आन् मले इच्यारलं बी नाही." त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण यंदा नहराचं नवं काम झालं आणि गावाने ठरवलं, की त्या वेळी अटक झालेल्या म्हाताऱ्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा. आमच्या सरपंचबाई वयाने माझ्यापेक्षा लहान. त्या स्वतः घरी आल्या आणि म्हणाल्या, "मोठेबाबा, मी तं तवा नव्हतीच. जे ट्रकात होते त्यायले इच्यारलं, ते नाही म्हणून राहिले. मी काय करू सांगा."  संध्याकाळी मोठेबाबांचा मला फोन आला. सत्काराच्या दिवशी ते मंचावर चढून माईक हातात घेणार होते, आणि वकील म्हणून मी शेजारी उभं राहायचं होतं. पुरावा नसलेली बाजू मांडायची सवय मला आहे. मी गेले.

सकाळी पोहोचले तेव्हा शाळेच्या पटांगणात मंडप लागला होता, भोंग्यावर गाणी चालू होती. मोठेबाबा पांढरा सदरा घालून अंगणात उभे होते आणि त्यांच्यापुढे एक बाई जमिनीवर बसली होती. फुलवंता तिचं नाव, जंगलाकडच्या पाड्यावरची. आदल्या दिवशी बाजारातून तिच्या नवऱ्याला जीपमध्ये घालून नेलं होतं. कोणी नेलं, कुठे नेलं, तिला माहीत नव्हतं. दोन ठाण्यांत तिला नाही म्हणून सांगितलं होतं आणि कोणीतरी म्हणालं होतं, त्या गावात एक म्हातारा आहे, त्याले सगळे धरलेले मालूम असतात.

मोठेबाबांनी मोबाइल काढला. एक ठाणं पाहिलं, दुसरं पाहिलं, शेजारच्या तालुक्याचं पाहिलं. नाव नव्हतं. मी नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथेही नव्हतं. फुलवंता रडत नव्हती. ती म्हणाली, "मारून टाकलं असन काय जी?" अगदी सपाट आवाजात.

मोठेबाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. "बाई, रडू नको," ते तिला म्हणाले, जरी ती रडत नव्हती. "जीप कोणत्या रंगाची होती?"

"हिरवी."

"बाजारात नवरा काय घेऊन बसला होता?"

 पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "डुकराचं मटन."

"घरचं का रानातलं?"

तिने पदर आणखी वर ओढला.

मोठेबाबा उठले. "पोलिसायनं नाही नेलं. जंगलवाल्यायनं नेलं. त्यायनं धरलेला मोबाइलात कोठी दिसते?" तेवढ्यात मंडपातल्या भोंग्यावरून सत्कारमूर्तींनी लवकर यावं अशी सूचना झाली. मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, "मोठेबाबा, मी हिला घेऊन जाते. तुम्ही इथे थांबा, तुमचं काम आहे." त्यांनी मंडपाकडे पाहिलं.  मग माझ्या गाडीचं मागचं दार उघडून फुलवंताला म्हणाले, "बस वो."

वनखात्याचं कार्यालय लांब होतं. पोहोचलो तेव्हा तिचा नवरा व्हरांड्यात बसला होता, अंगावर कालचाच शर्ट. तिला पाहून तो उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. तिथले साहेब भले माणूस होते. अटकेचा निरोप त्यांनी नवऱ्याने सांगितलेल्या मेहुण्याला दिला होता. मेहुणा कामाला परगावी होता आणि पाड्यावर फोन लागत नव्हता. दुपारी फुलवंताच्या नवऱ्याला कोर्टात उभं करायचं होतं. मी कागद पाहिले, वकीलपत्रावर त्याचा अंगठा घेतला. मोठेबाबा एवढा वेळ त्या टेबलाशी उभे होते. साहेबांना त्यांनी एकच गोष्ट विचारली, "याचं नाव बरोबर लिवलं ना? बापाचं बी?" साहेबांनी वाचून दाखवलं. बापाच्या नावात एक काना चुकला होता. मोठेबाबांनी तो दुरुस्त करवून घेतला आणि मगच बाहेर येऊन बाकावर बसले.

कोर्टाचं काम आटोपून आम्ही गावात परतलो तेव्हा मंडपातल्या खुर्च्या एकावर एक रचणं चाललं होतं. शाली पांघरलेले म्हातारे पारावर बसले होते. त्यांच्यातला एक ओरडला, "का गा, याही खेपेले पळालास का?" सगळे हसले. मोठेबाबाही हसल्यासारखं करून पुढे निघाले. पण मोठी आई पाण्याची घागर घेऊन तिथूनच येत होती. ती थांबली. "तुमी ट्रकात बसून गेलते, सांजेपर्यंत सुटून आलते," ती म्हणाली. "आज हे कोठी गेलते ते त्या फुलवंतेले इच्यारा." जन्मभर नवऱ्याला धानात लपवणाऱ्या बाईचं हे बोलणं ऐकून पारावरचं हसणं थांबलं. मोठेबाबा इतके गोंधळले, की त्यांनी तिच्या डोक्यावरची घागर आपल्या हातात घेतली. हे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

फुलवंताच्या नवऱ्याला काही दिवसांनी जामीन मिळाला. ते सांगायला मी गेले, तेव्हा अंगणात नवा धान वाळत घातला होता. आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "मोठेबाबा, आता वकिलाला खरं सांगा. त्या दिवशी काय झालं होतं?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मी चढलो होतो बाई. एक पाय ट्रकात होता. शिपायानं नाव इच्यारलं, म्या सांगतलं. बापाचं सांगतलं, गाव सांगतलं. तो लिहून राहिला होता. मंग त्यानं मान वर केली, माह्याकडं पायलं आन् म्हणाला, पोट्टा आहेस तू, उतर, घरी जाय. त्यानं लिवलेलं खोडलं का नाही, ते म्या पायलं नाही. म्हटलं, राहिलं बी असन."

"मग लपलात कुठे?"

"लपलो कायले? ट्रक गेला. लोटालोटीत सगळ्यायच्या चपला रस्त्यावरच राहिल्या होत्या. माह्या दुपट्ट्यात बांधल्या आन् तालुक्याकडं पायी निघालो. म्हटलं, सोडल्यावर हे लोक घरी कसे येतीन. अर्ध्या रस्त्यात समजलं, का सोडलं, दुसऱ्या वाटेनं गेले बी. मंग वापस आलो. ज्याच्या त्याच्या दारात ज्याच्या त्याच्या ठेवल्या. गावात कोणाची चप्पल कोणती, ते मालूम राहतेच. सकाळी सगळे घालून वावरात गेले."

"कोणी विचारलं नाही, कशा आल्या म्हणून?"

"नाही."

"आणि तुम्ही सांगितलं नाही? एवढ्या वर्षांत?"

मोठेबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वकील असूनही हिला एवढं कसं कळत नाही. "सांगतलं असतं," ते म्हणाले, "तं सगळ्यायले समजलं असतं ना बाई, का मी ट्रकात नव्हतो."

मग ते उठले आणि अंगणातला धान अनवाणी पायांनी हळूहळू फिरवत राहिले.