अर्ध्या नर्सची आखाजी

एएनएमला, म्हणजे दोन वर्षांचा कोर्स केलेल्या नर्सला, लोक काय काय म्हणतात ते मला तोंडपाठ आहे. नर्सबाई म्हणतात, सिस्टर म्हणतात, डोस पाजणारी बाई म्हणतात. माझ्या एका चुलत दिराने तर मला माझ्या लग्नातच ‘अर्धी नर्स’ म्हटलं होतं. आता मी धुळ्यात एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तोच दीर मध्यंतरी अपेंडिक्ससाठी आमच्या वॉर्डात दाखल झाला. सलाइन लावताना मी त्याला विचारलं, “तुम्हाला पूर्ण नर्स बोलावू का?” तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. असले हिशेब मी चुकते केल्याशिवाय सोडत नाही.

पण खरं सांगायचं तर त्या अर्ध्या नर्सचे माझ्यावर फार उपकार आहेत.

माझं माहेर फैजपूरच्या बाजूला, केळीच्या बागांत. मला लहानपणापासून नर्सच व्हायचं होतं. बारावीला मार्क बरे पडले, पण तीन वर्षांच्या जीएनएमला नंबर लागेल इतके नाहीत. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी वडील, म्हणजे आमचे आबा, म्हणाले, “आधी दोन वर्साचं कर. पाय टेकायले जागा त व्हईल. पुढचं पुढं पाहू.” त्या ‘पुढचं’मध्ये त्यांच्या मनात माझं लग्न होतं आणि माझ्या मनात जीएनएम. दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नाही, म्हणून घरात शांतता राहिली.

जळगावातली ती दोन वर्षं मी आजही विसरलेले नाही. इंजेक्शनचा हात बसावा म्हणून मी सुटीहून येताना घरची कच्ची केळी न्यायचे. खोलीतल्या सगळ्या मुली त्यात सुया टोचायच्या. एका मॅडमनी शिकवलं की गरोदर बाईच्या पोटाला हात लावण्याआधी आपले तळवे चोळून गरम करायचे. पुस्तकातलं बरंच विसरले, हे अंगात मुरलं. पुढे लग्न होऊन मी सोनगीरजवळच्या गावात आले आणि थोड्याच दिवसांत तिथल्याच उपकेंद्रावर कंत्राटी नर्स म्हणून लागले. लसी, तपासण्या, बाळंतपणं, घरोघरच्या फेऱ्या. वर्षभरात गावातलं एकही घर असं उरलं नाही जिथे मला चहा मिळाला नाही.

मग जीएनएमचं वेड परत कुठून आलं? ते आलं धुळ्याच्या एका दारातून. अडलेली बाई असली की मी तिला रुग्णवाहिकेत घालून धुळ्याला न्यायचे. रस्ताभर तिचा हात माझ्या हातात असायचा. प्रसूती कक्षाच्या दाराशी तिथली स्टाफ नर्स स्ट्रेचर धरायची आणि मला म्हणायची, “ठीक आहे, तुम्ही बाहेर थांबा.” दार बंद व्हायचं. आत काय चाललंय ते मला नातेवाइकांइतकंच कळायचं. एकदा एक बाई आत जाताना माझा पदर सोडेना. तिची बोटं मीच सोडवली. त्या दिवशी घरी आले आणि जेवताना सांगून टाकलं की मला पुढचं शिकायचंय, मला त्या दाराच्या आत जायचंय.

तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती. नवरा घास तोंडात घेऊन आईकडे बघत राहिला. आमच्या घरात अवघड प्रश्नाच्या वेळी सगळे तिच्याकडेच बघतात. सासूबाई म्हणजे आवाजाने दोन गल्ल्या जागवणारी बाई. माझ्या फैजपुरी बोलण्याची तिने पहिल्या दिवसापासून टिंगल केली आणि मी तिच्या अहिराणीची. त्यामुळे आमचं बरं जमलं होतं. ती म्हणाली, “जाय. पोरले मी सांभाळसू.” एवढंच. पुन्हा भाकरी थापायला लागली.

आबांना मात्र ही गोष्ट अजिबात पटली नाही. फोनवर म्हणाले, “लगन झाल्यावर शिक्याचं व्हतं त मंग लगन काबरं केलं? तान्हं पोर टाकून होस्टेलात जातं का कोनी?” मीही गप्प बसणाऱ्यांतली नाही. बोलाचाली झाली, फोन कोणी आधी आपटला ते आठवत नाही. आबांचा राग नंतर निवला, आता ते गावभर माझंच कौतुक सांगत फिरतात. पण त्या वर्षी आमचं बोलणं बंद होतं.

धुळ्याच्या नर्सिंगच्या शाळेत मी वर्गातली सगळ्यांत मोठी. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली मला आधी ताई म्हणायच्या, मग काकू म्हणायला लागल्या. पुन्हा पहिल्यापासून चादरीचे कोपरे दुमडणं, पुन्हा थर्मामीटर. उपकेंद्रावर मी माझी मालकीण होते. इथे पाण्याचा ग्लास द्यायचा तरी आधी विचारायचं. पेशंटच्या कॉटवर बसून मी गप्पा मारायला लागले की मॅडम म्हणायच्या, “ही तुमच्या गावातली ओसरी नाही.” राग यायचा, पण त्यांनीच मला शिस्त लावली. आज माझ्या हाताखालच्या मुलींना मी तेच ऐकवते, तेव्हा माझं मलाच हसू येतं.

हे सगळं मी निभावून नेलं असतं. मी मोडले ते घरी गेल्यावर.

होस्टेलात राहणं सक्तीचं होतं, महिन्यातून एकदा रजा मिळायची. पहिल्या दोन-तीन वेळा मुलगी पळत आली. मग हळूहळू थबकायला लागली. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले तेव्हा मी हात पुढे केले, तर ती आजीच्या लुगड्यामागे गेली आणि तिथून माझ्याकडे पाहुणीकडे बघावं तशी बघत राहिली. मी आणि नवरा सासूबाईंना आई म्हणतो, म्हणून मुलगीही तिला आईच म्हणायची. मला ती काहीच म्हणत नव्हती. संध्याकाळी मी परत निघाले तेव्हा ती अंगणात बकरीच्या पिलामागे खेळत होती. तिने मान वर करूनही पाहिलं नाही. रडली असती तर मला इतकं लागलं नसतं.

परत येऊन मी नवऱ्याला फोन केला. “मला नाही जमत. पोर हातची जाईल माझ्या. मी सोडून येते.” तो बिचारा एवढंच म्हणाला, “आईशी बोलतो.” मी मनात ठरवून टाकलं होतं. उपकेंद्रावर परत घेतलं तर ठीक, नाही तर नाही. अर्धी तर अर्धी.

तेवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खान्देशात दिवाळीपेक्षा लेकींना आखाजीचं अप्रूप जास्त. लग्न झालेल्या लेकीला माहेरी आणतात. बाप किंवा भाऊ मुऱ्हाळी म्हणून न्यायला जातो. माहेरी लेकीने कामाला हात लावायचा नाही, निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसायचं, गाणी म्हणायची, आमरस-पोळी खायची. होस्टेलातल्या लग्न झालेल्या दोघी-तिघींना न्यायला त्यांचे भाऊ येऊन गेले. माझ्याकडे कोणी येणार नव्हतं. आईने चोरून फोन केला होता, की आबा म्हणतात, सासरी नांदणाऱ्या लेकीला मुऱ्हाळी पाठवतात, होस्टेलातल्या लेकीला नाही. मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. आणि फोन ठेवून खूप रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की खाली सासूबाई आल्या आहेत. मला वाटलं, नवऱ्याने सांगितलं दिसतंय, मला घरी न्यायलाच आली. सुटले एकदाची, असंही वाटलं आणि ते दार कायमचं बंद झालं, असंही. मी सगळं आवरलं. पुस्तकं, गणवेश, बादली, गादीची वळकटी, काही ठेवलं नाही. मुलींनी पेटी जिन्यावरून उतरवायला मदत केली. एक तर रडायलाच लागली.

सासूबाई फाटकाजवळ निंबाखाली बसली होती, नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर. तिने पेटीकडे पाहिलं, वळकटीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं.

“दोन दिनले इतला बोजा कसाले?” ती म्हणाली.

मी वळकटी खाली ठेवली. ती पुढे बोलली, “तुना बाप उना नही. मंग कोन ई? आखाजीले लेक एकली ऱ्हास का? चाल. दोन दिन झोका खेय. मंग मीच तुले आठे सोडसू.” आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या मुलींना म्हणाली, “ती पेटी वर ठी द्या व माय.”

सासूने सुनेचं मुऱ्हाळी व्हायचं, असं मी आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. एसटीत ती खिडकीशी बसली आणि सोनगीरचा किल्ला दिसेपर्यंत शेजारणीच्या सुनेची उणीदुणी काढत राहिली. माझ्या फोनबद्दल तिने एक अक्षर विचारलं नाही.

घरी तिने मला खरोखर लेकीसारखं बसवलं. चुलीकडे गेले की हाकलायची. गल्लीतल्या बाया हसायला लागल्या, की सून झोक्यावर आणि सासू पोळपाटावर. ती म्हणाली, “मनी मर्जी.” आणि दोन्ही दिवस तिने मुलीला स्वतःजवळ घेतलंच नाही. मुलगी तिच्याकडे हात करायची, ती पाठ फिरवायची. “मना हात पिठाना शेतस. माय कडे जाय.” मुलगी रुसायची, कुरकुरायची, मग नाइलाजाने माझ्याकडे यायची. मी तिला झोक्यावर घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी ती मांडीवर ताठ बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी झोका चालू असताना माझ्या अंगावर रेलून झोपली. सासूबाई दारातून बघत होती. मी पाहिलं, की तिने पदर डोळ्यांना लावला आणि आत जाऊन विनाकारण भांडी वाजवली. लेकराने आपल्याला सोडून दुसरीकडे जावं म्हणून झटायचं, हे तिला किती जड गेलं असेल ते मला तेव्हा अर्धंच कळलं.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी ती मला धुळ्याला सोडायला आली. मुलीलाही घेतलं होतं. फाटकाशी मी मुलीला तिच्या कडेवर दिलं आणि आत वळले, आणि मागून असा टाहो आला की पहारेकरीसुद्धा खुर्चीवरून उठला. मुलगी आजीच्या कडेवरून अर्धी बाहेर आली होती. दोन्ही हात माझ्याकडे. मी परत धावले. वाटलं, आता नाही जायचं, काही झालं तरी नाही जायचं.

सासूबाईने मला हाताने थांबवलं. तिचे स्वतःचे डोळे वाहत होते, पण चेहऱ्यावर असं समाधान मी तिच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

“रडू दे,” ती म्हणाली. “तुनाकरता रडी ऱ्हायनी ती. जाय आते, काही भ्याव नही.”

मी आत गेले. मुलींनी पेटी जागेवर नेऊन ठेवली होती. सकाळी प्रसूती कक्षात माझी पहिली ड्युटी होती. मी रात्रीच गणवेशाला इस्त्री केली.