दुसऱ्या आवाजाचं पुस्तक

उमेळ्याला राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी आम्ही घरी सत्यनारायण घातला. केळीचे खांब कुठे मिळतील म्हणून वॉचमनला विचारलं, तर त्याने बिल्डिंगमागच्या वाडीकडे बोट दाखवलं. तिथे एक निवृत्त शिक्षक राहतात, मागितलं तर देतात, म्हणाला. मी गेले. फाटक उघडं होतं, बाहेर कुणी नव्हतं, पण आतून एका पुरुषाचा गाण्याचा आवाज येत होता. गाणं इंग्रजी. एक ओळ झाली आणि आवाज अर्ध्यातच थांबला. मी वाट पाहिली. काहीच नाही. म्हातारा माणूस गाता गाता गप्प झालेला. माझ्या मनात नको ते आलं आणि मी चपलांसकट आत धावले.

ते टेबलाशी ताठ उभे होते. समोर एक पिवळं पडलेलं पुस्तक. माझ्याकडे न बघता त्यांनी एक बोट वर केलं. थांबा. त्यांचे ओठ हलत होते. मग खोल श्वास घेऊन ते "फा ला ला" एवढंच गायले आणि पुन्हा थांबले.

"अकरा मात्रांचा विराम आहे इथे," ते म्हणाले. "हं, आता बोला."

केळीचे खांब मिळाले, पण त्याआधी पुस्तक पाहावं लागलं. त्यांचे मामा बोटीवर नोकरीला होते. इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरातल्या जुन्या बाजारातून त्यांनी हे भाच्यासाठी आणलं होतं, कारण भाचा चर्चच्या क्वायरमध्ये गायचा आणि त्याला नोट्स वाचता यायच्या. चार आवाजांनी मिळून गायची जुनी इंग्रजी गाणी. तिकडे पूर्वी प्रत्येक आवाजाचं पुस्तक वेगळं छापायचे म्हणे. मामांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी एकच आणलं. ते दुसऱ्या आवाजाचं होतं.

"देवाची गाणी आहेत का?" मी विचारलं.

"छे! मेंढ्या, मे महिना, एक मुलगी. देवाचा काही संबंध नाही. फादरांना दाखवलं मी. ते नाही म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, बाकीचे तिघं कधी येणार?"

"मग बाकीचे तीन आवाज नसताना गाणं पूर्ण कसं होणार?"

"ताई, आपला वाटा आपण नीट करायचा. बाकीच्यांचं बाकीचे बघतील."

तीस वर्षं सरकारी कार्यालयात काढल्यावर हे वाक्य मला नवीन नव्हतं. फरक इतकाच, की हे गृहस्थ खरोखर आपला वाटा करत होते.

लहानपणी मी दोन वर्षं तबला शिकले होते, हे बोलण्याच्या ओघात सांगून बसले. सरांचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्हाला मोजता येतं!" पुढच्या शनिवारी चार वाजता मी त्यांच्याकडे हजर होते. कशी, ते माझ्या नवऱ्याला अजून कळलेलं नाही.

आम्ही तिघं होतो. सर, मी आणि पाचूबंदरची एक मासळीवाली मावशी. ती सरांच्या घरी गेली कित्येक वर्षं मासळी घालायची आणि तिच्या गावच्या क्वायरमध्ये तिचा आवाज सगळ्यात मोठा होता. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण सरांनी एकदा म्हटलेली ओळ ती दुसऱ्यांदा चुकत नसे. तिला जड जायचा तो विराम. "आपून गप कशाला ऱ्हायाचं?" ती विचारायची. "लोक म्हनतील, मेली का काय!" शेवटी ठरलं, मी बोटांवर मोजायचं आणि तिने माझ्या हाताकडे बघायचं.

गाण्याचा अर्थ सांगा, असं तिने एकदा मला म्हटलं. मी प्रयत्न केला. पण गोष्ट चार आवाजांत वाटलेली, आणि मोक्याचे शब्द बहुधा इतरांकडे गेलेले. आमच्या वाट्याला आलं होतं ते असं: आणि मग ती. आणि मग ती. नाही, नाही, नाही. फा ला ला. अकरा मात्रा शांतता. आणि म्हणून मी.

"ती गेली कुठं?" मावशीने विचारलं.

"ते पहिल्या आवाजाला माहीत असणार," सर म्हणाले.

दोन वर्षं आम्ही असं गात होतो. मग आमच्या सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात इंग्रजी गाणं हवं म्हणून सेक्रेटरींनी आम्हाला बोलावलं. छोट्या मुलांच्या वेशभूषा स्पर्धेनंतर आणि लकी ड्रॉच्या आधी आम्हाला चार मिनिटं दिली. त्यातली अडीच मिनिटं आम्ही गप्प असणार आहोत, हे त्यांना सांगावं असं मला फार वाटत होतं. सर म्हणाले, नको, त्यांना कळेल.

पहिली ओळ उत्तम झाली. पहिला विराम आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी गुच्छ घेऊन स्टेजवर चढले. सरांनी बोट वर केलं. सेक्रेटरी गुच्छासकट जागच्या जागी उभे राहिले आणि शेवटपर्यंत तसेच उभे होते. दुसऱ्या विरामात माइक बंद पडला असं समजून साउंडवाला धावत आला आणि आमच्या तोंडापुढे "हॅलो, हॅलो, चेक" करून गेला. तेवढ्यात "नाही, नाही, नाही" सुरू झाल्यामुळे तो दचकला.

मग सगळ्यात लांबचा विराम आला, बावीस मात्रांचा. हॉलमध्ये कुजबुज वाढली. पुढच्या रांगेतल्या एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई, विसरल्या वाटतं!"

मावशीने माझ्या बोटांवरची नजर न हलवता उत्तर दिलं. "इसरलो नाय, बाय. दुसऱ्यांचा चालू हाय."

बाईंनी मागे वळून पाहिलं. अर्ध्या हॉलने मागे वळून पाहिलं. दुसरे कुठेच नव्हते. पण पहिल्या रांगेतल्या एका आजोबांना माझी बोटं दिसली असावीत. ते मोठ्याने म्हणाले, "तेरा." मग, "चौदा." सोळाला वेशभूषेतली पोरं मिसळली, एक शिवाजी, दोन फुलपाखरं आणि एक टोमॅटो. विसाव्याला सगळा हॉल मोजत होता. "बावीस!" अशी गर्जना झाली आणि आम्ही तिघांनी एकदम अचूक "फा ला ला" उचललं. असल्या टाळ्या लकी ड्रॉलाही पडल्या नाहीत.

त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ सरांच्या पुतणीने कॅनडात पाहिला. आठ दिवसांत तिने तेच गाणं शोधून काढलं, चारही आवाजांत गायलेलं, आणि सरांच्या पत्नीच्या फोनवर पाठवलं. शनिवारी आम्ही फोन टेबलावर ठेवून भोवती बसलो. आधी एक जाहिरात झाली, मग गाणं लागलं. केवढी गर्दी होती त्यात! सगळे एकमेकांच्या अंगावरून धावत होते, आणि आम्ही तर भलतंच हळू गात आलो होतो.

"आपून कुठं हाव यात?" मावशी घाबरून म्हणाली.

सरांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. चौथ्या खेपेला त्यांनी कान फोनला लावला आणि अचानक मावशीचा हात धरला. "हे बघा. इथे. खाली. ऐका." आम्ही ऐकलं. क्षणभर आमची ओळ वर आली आणि बुडाली. सर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "बरोबर गात होतो आपण." त्यांनी चष्मा काढून पुसला. आम्ही दोघी खिडकीकडे बघत राहिलो.

पुतणीने बाकीच्या तिन्ही आवाजांची पानंही पाठवली. सरांच्या पत्नी आजवर आतल्या खोलीतून नुसत्या ऐकत. त्यांना ओढून बाहेर आणलं, म्हणजे आम्ही चौघं झालो. पहिला आवाज मावशीला दिला, तिसरा मला, चौथा सरांच्या बाईंना; दुसरा सरांकडेच राहिला. मावशीला अखेर कळलं, की ती मुलगी दूध काढायला गेली होती. "एवढंच?" ती म्हणाली.

पहिल्या शनिवारी मावशी दुसऱ्या ओळीतच घसरून सरांच्या आवाजात आली. पुढच्या शनिवारी मीही तिथेच घसरले. तिसऱ्या शनिवारी बाईसुद्धा, ज्यांनी आयुष्यात दुसरं काही ऐकलंच नव्हतं. गाणं संपलं तेव्हा चौघंही एकाच आवाजात होतो, आणि सुरात होतो.

सरांनी नवी पानं एकत्र केली, पुठ्ठ्याच्या फायलीत घातली आणि फाईल कपाटात ठेवली. मग बाईंना म्हणाले, "तूही ये आता दर शनिवारी. आवाज चांगला आहे तुझा."