कोठीबाईंचं नाक

एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराची कोठी सव्वीस वर्षं सांभाळली म्हणून आमच्या गल्लीत सगळे त्यांना कोठीबाई म्हणत. माल उतरायचा त्या वेळी दारात त्या उभ्या असायच्या. पोतं असो, खोकं असो, माशांचा क्रेट असो, आत जाणारी प्रत्येक गोष्ट त्यांच्या नाकाखालून जायची. मूठभर शेंगदाणे तळहातावर चोळायच्या, माशाचा कल्ला बोटाने उचलायच्या, लोण्याच्या वेष्टनाची कड उचकटायच्या, वास घ्यायच्या आणि एकच शब्द बोलायच्या. ‘चालेल’ किंवा ‘परत’. त्यांच्या ‘परत’वर पुरवठादार वाद घालायच्या भानगडीत पडत नसत. गाडी वळवायचे.

निवृत्त झाल्यावर पहिले चार महिने त्यांनी घरातले डबे इतक्यांदा पुसले की बेबी वैतागली. बेबी म्हणजे त्यांची नणंद. वय सहासष्ट, पण नाव बेबी ते बेबीच राहिलं. तिने लग्न केलं नव्हतं, साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला जन्म काढला होता. कोठीबाईंचे यजमान गेल्यावर त्या घरात या दोघीच उरल्या. दोघी एकमेकींवर दिवसभर कुरकुरायच्या आणि जेवायला मात्र एकमेकींसाठी थांबायच्या.

त्यांच्या घराखाली माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. त्यामुळे पुढचं सगळं मी अगदी जवळून पाहिलं.

ग्राहक संघाचे चिटणीस एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनी एक दिवस कोठीबाईंना गाठलं. शहरात तोवर तीन सुपरमार्केटं हातपाय पसरून बसली होती, प्रत्येकाच्या पाच-सहा शाखा. लोक त्यांना पाटीच्या रंगाने ओळखायचे : हिरवं, पिवळं आणि निळं. पोस्टमास्तर म्हणाले, “तिघंही म्हणतात आम्हीच स्वस्त, आम्हीच ताजे. लोकांनी विश्वास कुणावर ठेवायचा? तुम्ही जाऊन बघा आणि लिहा.”

कोठीबाईंना कुणीतरी ‘या’ म्हणायचीच खोटी होती.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्या निघायच्या. तिन्ही दुकानांत त्याच बावीस वस्तू घ्यायच्या. घरी आणून स्वतःच्या काट्यावर वजन. तारखेच्या चिकटपट्टीखाली दुसरी चिकटपट्टी आहे का, ते नखाने खरवडून बघायचं. दुधाच्या फळीवर मागे हात घालून ताजी पिशवी कुठे लपवली आहे, ते शोधायचं. ब्रेड अंगठ्याने दाबायचा आणि तो वर यायला किती वेळ घेतो ते बघायचं. रांगेत उभं राहिल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती मिनिटं गेली, तेही टिपायचं. आणि प्रत्येक दुकानात एकाच सुरात एकच प्रश्न विचारायचा, “मीठ कुठे ठेवलंय हो?” हिरव्या पाटीत पोरगी बरोबर चालत येऊन मीठ हातात द्यायची. निळ्यात गोड हसून हात दाखवायचे, तोही चुकीच्या दिशेला. पिवळ्यात उत्तर यायचं, “असेल तिकडेच.”

मग त्या माझ्याकडे येऊन मजकूर सांगायच्या, मी टाइप करायची. दोन पानी कागद, तीनशे प्रती, वाचनालयात, दवाखान्यात, पोस्टात ठेवायच्या. ‘हिरवे : भाजी ताजी, भाव चढे. पिवळे : तांदूळ, डाळ, तेल यांत स्वस्त, वजन चोख, रांग असह्य. निळे : थंडगार हवा, मंद संगीत, टोमॅटो खालच्या थरात कुजके.’ कधी मी विचारायची, “मग बाई, सगळ्यात चांगलं कुठलं?” त्या म्हणायच्या, “चांगलं कुठलंच नाही गं. दगडापेक्षा वीट मऊ, एवढंच मी सांगू शकते.”

नऊ वर्षं हे चाललं. लोक तो कागद घडी करून पिशवीत ठेवायचे. निळ्या पाटीच्या मॅनेजरने एकदा त्यांना दारातच अडवलं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, “मी गिऱ्हाईक आहे, पैसे देऊन नेते.” तो बाजूला झाला.

दहाव्या वर्षी थंडीत त्यांना ताप आला. आठवडाभर होता, उतरला. अंगात ताकदही आली. पण वास परत आला नाही. कॉफीचा नाही, फिनेलचा नाही, जळलेल्या दुधाचा नाही. डॉक्टर म्हणाले, “येईल कदाचित. काहींचा येतो.”

“आणि काहींचा?”

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

हे त्यांनी पोस्टमास्तरांना सांगितलं नाही, मलाही नाही; मला ते पुष्कळ नंतर कळलं. फक्त बेबीला सांगितलं. “तुझं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे असं तू आयुष्यभर म्हणत आलीस ना? आता दाखव.”

“चाळीस वर्षं साबणात काढूनही शाबूत आहे,” बेबी म्हणाली. “मजुरी काय देशील?”

“भांडी मी घासेन.”

सुरुवातीला बेबीने खरंच कमाल केली. वहिनी पाकीट नाकाशी धरणार आणि ही डोळे मिटून सांगणार : “या लोण्याला शेजारच्या कांद्याचा वास लागलाय. हे चीज ठीक. हे दाणे गेल्या वर्षीचे, जिभेवर ठेवू नकोस.” कोठीबाई लिहून घ्यायच्या. त्या महिन्यांतले कागद नेहमीपेक्षाही चांगले झाले होते. मला वाटलं, विश्रांती मिळाल्याने बाईंना हुरूप आलाय.

मग बेबीची उत्तरं आखडत गेली. “बरं आहे.” “ठीकच की.” “छान.” कोठीबाईंना वाटलं, कंटाळली. शेवटी भांडी घासून घ्यायची सवय झाली की माणूस आळसावणारच. दोनदा त्या रागावल्याही. बेबी ओशाळी होऊन म्हणाली, “अगं खरंच छान आहे, त्याला मी काय करू?”

एका कागदात आम्ही छापलं : ‘पिवळे : एक लिटर तेल, नवी बाटली, दर्जा उत्तम, तिघांत सर्वांत स्वस्त.’

दहाएक दिवसांनी दुपारी पाळणाघरातली स्वयंपाकीणबाई माझ्या दुकानात आली. हातात अर्धी वापरलेली बाटली. “कागद लिहिणाऱ्या बाई कुठे राहतात?” मी तिला वर घेऊन गेले.

ती आरडाओरडा करायला आलेली नव्हती. पदराला हात पुसत दारातच उभी राहिली. “बाई, तुमचा कागद वाचून आठ बाटल्या घेतल्या. मला सर्दी होती, पहिल्या दिवशी कळलं नाही. पंचवीस मुलांचं जेवण त्यात केलं. संध्याकाळपर्यंत अकरा जणांना उलट्या. आता सगळी बरी आहेत. पण मला कामावरून काढलंय. मी म्हटलं, तुम्हाला एकदा दाखवावं.”

कोठीबाईंनी बाटली घेतली, नाकाशी नेली. जुन्या सवयीने डोळे मिटले. मग उघडले.

“बेबी, जरा इकडे ये.”

बेबी आली. वास घेतला. आमच्या तिघींकडे आळीपाळीने पाहिलं, शाळेत फळ्यापाशी उभी केलेली मुलगी पाहते तसं. “छान आहे,” ती म्हणाली.

मला दारापासून त्या तेलाचा खवट भपकारा येत होता.

“बाई,” स्वयंपाकीण हळूच म्हणाली, “हे तेल मेलेलं आहे.”

कोठीबाई उठल्या आणि आत गेल्या. व्हिनेगर, फिनेल, कॉफीचा डबा, अंगाचा साबण घेऊन आल्या. एकेक झाकण काढून बेबीच्या नाकाखाली धरलं. व्हिनेगरला बेबी म्हणाली, “छान.” फिनेलला म्हणाली, “बरं आहे.” साबणाची वडी तिने हातात घेतली, उलटसुलट केली. चाळीस वर्षं तिने तीच कागदात गुंडाळली होती. ती म्हणाली, “वहिनी, याला काय म्हणतात गं?”

कोठीबाईंनी वडी तिच्या हातातून काढून घेतली.

“तुला कधीपासून काही कळत नाही?” कोठीबाईंनी विचारलं.

“आठवत नाही.” बेबी रडवेली झाली. “तू पाकीट धरून अशी वाट बघत बसायचीस. काहीतरी सांगायला हवं ना.”

मेंदूच्या डॉक्टरांनी नंतर आजाराचं नाव सांगितलं, आणि हेही की विसरायला होण्याआधी बऱ्याच जणांचं नाक जातं. औषध होतं, पण ते आजार बरा करण्याचं नव्हतं.

कोठीबाईंनी माझ्याकडे एक पानभर मजकूर आणून दिला. स्वतःचा वास गेल्याचं, ते लपवल्याचं, किती महिन्यांचे कागद ग्राह्य धरू नयेत, सगळं त्यात होतं. पोस्टमास्तरांनी तो वाचून चष्मा काढला. “एवढं कशाला? ‘मागील अंकातील तेलाबाबत दुरुस्ती’ अशी एक ओळ पुरे. संघाची अब्रू आहे.”

“अकरा पोरं ओकली, मास्तर.”

पान छापलं गेलं. तेच शेवटचं. संघाने कागद बंद केला आणि पुढच्या वर्षी संघही. कोठीबाई पाळणाघरात जाऊन आल्या, चूक माझी म्हणून लिहून दिलं. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि सांगितलं की जागा भरली आहे.

त्यानंतरही कोठीबाई तिन्ही दुकानांत जात राहिल्या, पण बेबीला चालायला मिळावं म्हणून. सपाट फरशी, लख्ख दिवे, बसायला कुठेतरी बाकडं. कोणतं दुकान कसं आहे, हे त्यांना आता वेगळ्याच तऱ्हेने कळलं. निळ्यात बेबी एकदा चुकली तर त्यांनी लाउडस्पीकरवरून पुकारलं, ‘एक वयस्कर महिला हरवल्या आहेत’, आणि सगळं दुकान वळून बघायला लागलं. बेबी भेदरून कपड्यांच्या रॅकमागे जाऊन बसली. पिवळ्यात तिने पैसे न देता बिस्किटं फोडून खाल्ली, तेव्हा काउंटरवरचा मुलगा ओरडला आणि मागची रांगही ओरडली. हिरव्यात कुणी आवाज चढवला नाही. तिथल्या मॅनेजरबाईंनी त्यांना बाजूला घेऊन अदबीने सांगितलं, “मावशी, यापुढे यांना आणू नका. बाकीच्या गिऱ्हाइकांना बरं वाटत नाही.”

“तिन्हीत कुठलं बरं?” मी सवयीने विचारून गेले, आणि लगेच वाटलं, जीभ चावायला हवी होती.

“माहीत नाही गं,” त्या म्हणाल्या. “मी आता लिहीत नाही ना.”

दीड वर्षात बेबी घराबाहेर पडायला लागली, भर रहदारीत, अनवाणी. एकट्या म्हाताऱ्या बाईच्याने ते आवरेना. कोठीबाईंनी हात टेकले आणि तिला शुश्रूषाकेंद्रात ठेवलं. एका खोलीत सहा खाटा, भिंतीला पिवळसर तेलकट रंग, जेवण बाहेरून डब्यात यायचं. रोज दुपारी त्या दोन बस बदलून तिला भरवायला जायच्या. मी दोन-तीनदा सोबत गेले.

शेवटच्या वेळी गेले तेव्हा बेबी वाळून काटकी झाली होती. तिने वहिनीला ओळखलं नाही. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायची.

“चार दिवस झाले, हे असंच चाललंय,” नर्स म्हणाली. “काही खात नाहीत. थुंकून टाकतात.”

“जेवण बरं नसेल,” कोठीबाई म्हणाल्या.

“सगळे तेच खातात की. कुणाची तक्रार नाही.” नर्स पुढच्या खाटेकडे गेली.

मला ‘वाटी इकडे द्या, मी वास घेते’ म्हणायचं होतं. पण कोठीबाईंनी ती दोन्ही हातांत घट्ट धरली होती. वाकून त्यांनी वास घेतला. एक चमचा तोंडात घातला, बराच वेळ घोळवला, गिळला. दुसरा घेतला. मग वाटी मांडीवर ठेवून त्या बेबीकडे बघत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, ना ‘चालेल’, ना ‘परत’.

बेबी त्या आठवड्याच्या शेवटी गेली. कोठीबाई अजून वरच राहतात. सामान कोपऱ्यावर जे पहिलं लागेल त्या दुकानातून आणतात आणि पिशवी न तपासता डब्यांत ओततात.